रूट कॅनाल उपचारातील अवजारे : झीज आणि दक्षता

दाताची कीड आतील दंतमज्जेपर्यंत, म्हणजे लोक ज्याला दाताची नस म्हणतात तेथपर्यंत पोहोचली, की पूर्वी दात काढून टाकण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे. रूट कॅनाल उपचारामुळे असा दात वाचविता येतो. मुळातील अरुंद नलिकेतून दूषित मज्जा काढावयाची, नलिका घासून व धुऊन स्वच्छ करावयाची आणि ती भरून बंद करावयाची, असे या उपचाराचे स्वरूप आहे. नलिका घासण्याच्या बारीक अवजारास फाईल म्हणतात. उपचाराचे यश बऱ्याच अंशी या फाईलच्या सुस्थितीवर अवलंबून असते.

केसासारखे टोक

फाईलची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली आहेत. १० क्रमांकाच्या फाईलचे टोक अवघे ०.१० मिलिमीटर, तर २५ क्रमांकाच्या फाईलचे ०.२५ मिलिमीटर जाडीचे असते. दीर्घकाळ ही अवजारे पोलादाचीच असत. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या फाईलची माहिती प्रसिद्ध केली. ही धातू अतिशय लवचीक असल्याने वाकड्या नलिकेतही फाईल सुलभतेने फिरते. त्यामुळे पुढे यंत्राने फिरविण्याच्या फाईली प्रचारात आल्या.

झीज कशी होते ?

वापरानंतर फाईलची धार बोथट होते. बोथट फाईल अधिक दाबाने वापरावी लागते आणि तिच्यावरील ताण आणखी वाढतो. फाईल तुटण्याची मुख्य कारणे दोन आहेत. टोक नलिकेत अडकले असताना मूठ फिरतच राहिली, तर पिळामुळे ती तुटते. दुसरे कारण धातूचा थकवा हे होय. वाकड्या नलिकेत फिरताना फाईलची प्रत्येक बाजू आळीपाळीने ताणली व दाबली जाते. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या फाईलवर हा प्रकार सेकंदाला ५ वेळा घडतो. एकाच जागी वारंवार वाकविलेली तार शेवटी तुटावी, तसेच हे आहे.

पोलादी फाईल तुटण्यापूर्वी पुष्कळदा इशारा देते. दोरीचा पीळ उलगडावा तशी तिची वळणे सैल पडतात किंवा ती वाकते. निकेल-टायटॅनियमची फाईल मात्र वरकरणी निर्दोष दिसत असतानाही अचानक तुटू शकते. म्हणूनच केवळ डोळ्यांनी केलेली तपासणी पुरेशी ठरत नाही.

तुटलेला तुकडा नलिकेत राहिला म्हणजे दात गेलाच असे नाही. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो कित्येकदा काढता येतो. परंतु त्याच्या पलीकडील भाग स्वच्छ न झाल्यास जंतुसंसर्ग टिकून राहतो, आणि वाचविण्यास घेतलेला दात गमावण्याची वेळ येऊ शकते.

स्वच्छता आणि पुनर्वापर

वाफेच्या दाबाने निर्जंतुकीकरण केल्याने जंतू मरतात. गेलेली धार परत येत नाही. शिवाय फाईलच्या खाचांत अडकलेले कण पूर्णपणे निघणे कठीण असते. याच कारणास्तव ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये अशा फाईली एकदाच वापरण्याची सूचना दिली. एक फाईल किती वेळा वापरावी याचा सर्वत्र लागू पडेल असा आकडा नाही. तथापि उत्पादकाची सूचना पाळणे, प्रत्येक वापराची नोंद ठेवणे, भिंगाखाली तपासणी करणे आणि अतिशय वाकड्या नलिकेत वापरलेली वा बारीक मापाची फाईल लगेच बाद करणे, हे नियम हिताचे आहेत. बाद फाईल २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार अणकुचीदार वस्तूंसाठीच्या पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातच टाकली पाहिजे.

काटकसर कोणती ?

दंतचिकित्सा विभागासाठी साहित्याची मागणी नोंदविताना एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. फाईल ही जडसंग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षे राहणारी वस्तू नव्हे. कापूस व औषधे यांप्रमाणेच ती खर्ची पडणारी वस्तू आहे. तिचा पुरवठा अपुरा असेल, तर झिजलेली फाईल पुन्हा वापरण्याचा मोह टळणे अवघड होते. एका फाईलची बचत आणि एका माणसाचा कायमचा दात यांची तुलना केली, म्हणजे खरी काटकसर कोणती हे वेगळे सांगावयास नको.