मोबाईलवरचे दुकान

शाबान सुरू झाला की आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समोसा पट्ट्यांचे फोटो दिसू लागतात. कुणी शेवया विकते, कुणी कबाब करून फ्रीझरमध्ये ठेवते आणि मागणी येईल तसे पोचवते. या भगिनींचे दुकान म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हातातला मोबाईल. पागडी नाही, भाडे नाही.

शेजारच्या भाभींनी गेल्या वर्षी असेच सुरू केले. पतीच्या इंतकालनंतर मुलींच्या फीसाठी दर वेळी दिराकडे हात पसरणे त्यांना नको होते. पहिला फोटो त्यांनी इंटरनेटवरून उचलला. कागदासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या! घरच्या पट्ट्या चवीला चांगल्या, पण थोड्या जाड, तव्याचे डाग पडलेल्या. “फोटोतल्या पट्ट्या कुठे आहेत?” असे एकीने सगळ्या ग्रुपसमोर विचारले. त्यानंतर आठवडाभर एकही ऑर्डर आली नाही.

मग भाभींनी आपल्याच पट्ट्यांचा फोटो टाकला, परातीत ठेवून, खिडकीच्या उजेडात. एके दिवशी कडा फाटल्या, तर त्या फाटक्या कडाच वर ठेवून फोटो काढला आणि लिहिले, “आजचा माल असा आहे. निम्मी किंमत.” दुपारच्या आत सगळा संपला.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता पावसाचे कारण सांगतो, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे ते त्याला विचारतात. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोबाईलवर तर गिऱ्हाइकाला राशीत हात घालताच येत नाही. ओली बाजू दुकानदारानेच दाखवायची.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते. किंमत लिहाच. “भाव इनबॉक्समध्ये” ही पद्धत मला तरी पटत नाही. माणूस पाहून भाव ठरतो की काय, अशी शंका येते. इफ्तार आणि तरावीहच्या वेळी आपोआप जाणारा निरोपही लावून ठेवता येतो. धंद्यासाठी सिम मात्र वेगळे घ्या, म्हणजे घरचा नंबर परक्यांकडे जाणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. तेव्हा पहिली ऑर्डर देतानाच नंबर सेव्ह करायला सांगावे.

इन्स्टाग्रामवर चेहरा दाखवलाच पाहिजे असे नाही. भाभींच्या व्हिडिओत फक्त हात दिसतात. त्यांना सर्वांत जास्त विचारणा आली ती जाहिरातीमुळे नव्हे. फ्रीझरमधली पट्टी घाईने सोलू नका, नरम होऊ द्या, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, टोक मैद्याच्या खळीने चिकटवा, एवढेच त्यांनी करून दाखवले होते. ज्यांच्या पट्ट्या दरवर्षी तुटत, त्या सगळ्या विचारत आल्या.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आदेश आहे. किती डझन, कोणत्या दिवशी, पैसे आले की बाकी, हे तोंडी न ठेवता चॅटमध्येच लिहा. खाद्यपदार्थ घरून विकले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, हेही लक्षात असू द्या.

आणि फसवणूक. मोठी ऑर्डर देतो, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा.

यंदा शाबानच्या मध्यालाच भाभींच्या स्टेटसवर फोटो नव्हता, नुसती ओळ होती: “ऑर्डर भरल्या. दोन हातांनी एवढेच होते. ईदच्या शेवयांसाठी नाव आत्ताच सांगा.”