वाचा गेलेल्यांसाठी वाचन

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे ग्रामीण रुग्णालय आहे. विनोबांची ‘गीताई’ १९३२ साली प्रसिद्ध झाली, आणि सामुदायिक प्रार्थनेतून ती अनेकांना तोंडपाठ झाली. मेंदूच्या एका विकाराच्या संदर्भात हे तोंडपाठ असणे मोठे उद्बोधक ठरते.

लकवा झालेल्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांची भाषा बिघडते. हा वाचाघात. बहुतेकांत इजा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला झालेली असते. फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेला रुग्ण ‘टॅन’ एवढेच बोलू शके. अशा माणसाची बुद्धी बरीचशी शाबूत असते. अडते ते शब्द सापडण्यापाशी. घरचे मात्र ‘डोक्यावर परिणाम झाला’ समजून त्याच्याशी बोलणेच सोडतात.

गंमत अशी, की ज्याला पाणी मागता येत नाही तो कधी कधी प्रार्थनेत किंवा पाढ्यात इतरांबरोबर सूर मिळवतो. पाठ ओळ साखळीसारखी ओघाने येते, प्रत्येक शब्द वेगळा शोधावा लागत नाही.

मग पाठांतर हाच उपचार का? नाही. पाढ्यातला ‘चार’ बाजारात चार संत्री मागताना आठवेलच असे नाही. त्यासाठी नवा मजकूर लागतो. अमेरिकेत लिओरा चर्नी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत उपचारतज्ज्ञ आधी वाक्य मोठ्याने वाचतात, शब्दांवर बोट ठेवतात. मग दोघे मिळून तेच वाक्य पुनःपुन्हा वाचतात. शेजारचा आवाज शब्दाची सुरुवात पुरवतो. गटात चार-पाच जणांनी असे वाचले, की चूक एकट्याची उघडी पडत नाही, आणि वाचलेल्यावर खाणाखुणांनी का होईना, बोलणे सुरू होते. आमच्या मते गटाचा खरा लाभ इथे आहे. शब्द किती परततील हे व्यक्तीगणिक बदलते, आणि सराव महिनोन्‌महिने लागतो.

वर्गातले सामूहिक वाचन शिक्षकांना नवे नाही. शेजारच्या एखाद्या रुग्णासाठी ते करून पाहायचे, तर आधी वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासणी हवी. काही रुग्णांना उजवीकडचे दिसत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ओळीचा शेवट हुकतो. अक्षर मोठे, ओळी आखूड ठेवाव्यात. पण पहिलीचे पुस्तक पुढे करू नये. ज्याने आयुष्यभर कापूस पिकवला, त्याला कापसाच्या भावाची बातमी द्यावी.