चपळ मोटार आणि पेट्रोलचा हिशेब

मोटार चपळ असावी, आवाक्यातल्या किमतीची असावी आणि तिने पेट्रोलही बेताने प्यावे, अशी अपेक्षा अनेक कुटुंबांची असते. भारतात २००५ साली आलेली मारुती सुझुकीची ‘स्विफ्ट’ याच अपेक्षेमुळे घरोघरी पोहोचली. २०२४ सालच्या तिच्या नव्या आवृत्तीत तीन सिलिंडरांचे १.२ लिटरचे एंजिन आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीस लिटरमागे २४.८ किलोमीटर असा प्रमाणित आकडा मिळाला.

हा आकडा प्रयोगशाळेत, चाके रोलरवर फिरवून व ठरावीक वेगक्रम पाळून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. आपल्या घरखर्चाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये.

कारण पुष्कळसे पेट्रोल चालकाच्या पायावर अवलंबून असते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. झपाट्याने वेग घेऊन लगेच ब्रेक दाबल्यास खर्चलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. टायरांत हवा कमी असल्यासही गाडी जड चालते.

महिन्यास १,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरमागे २० ऐवजी १६ किलोमीटर दिले, तर साडेबारा लिटर पेट्रोल जास्त लागते. म्हणून टाकी पूर्ण भरून मीटरवरील आकडा टिपून ठेवा. पुढच्या खेपेस टाकी पुन्हा पूर्ण भरताना जितके लिटर लागतील, तितक्यांनी मधल्या अंतरास भागा. आपल्या गाडीचा खरा आकडा आपल्याच वहीत मिळेल.