कूलर, अर्थिंग आणि आपण

भंडाऱ्याचा मे महिना म्हणजे कूलरशिवाय झोप नाही! गेल्या उन्हाळ्यात पाणी भरताना आमच्या कूलरच्या पत्र्याने असा झटका दिला, की बादली एकीकडे आणि मी दुसरीकडे. वायरमन काकांनी प्लग उघडला. पिना तीन होत्या, पण हिरवी वायर जोडलेलीच नव्हती.

"काका, बाहेर सळई ठोकून जोडू का?"

"तेवढ्यानं भागत नाही, बाबू."

रूमवर येऊन हिशेब केला. सळईच्या अर्थिंगचा रोध 20 ओहम धरा. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा 'जिवंत'च राहील. त्यात उन्हाळ्यात माती सुकली, की रोध आणखी वाढतो. म्हणजे कूलर चालतो तेव्हाच अर्थिंग कमजोर! म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून पाणी टाकतात. खरा राखणदार आरसीसीबी. 30 मिलिअँपिअर गळती झाली, की ती क्षणात पुरवठा तोडते.

आता बाँडिंग. कूलर, लोखंडी स्टँड, पाण्याचा पाइप जाड तारेने एकमेकांना आणि अर्थला जोडले, की सगळ्यांचं व्होल्टेज जवळपास सारखं राहतं. मग एक हात कूलरवर, दुसरा नळावर असला तरी झटका बसायला फरकच उरत नाही.

थोडक्यात, अर्थिंग करंटला वाट देतं, बाँडिंग फरक मिटवतं, आरसीसीबी जीव वाचवते. तरीही पाणी भरण्याआधी प्लग काढाच. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर पुन्हा देता येतो, जीव नाही!