खड्ड्याएवढीच टेकडी

रनाळ्यात वेचणीचा कापूस घरी येऊन पडला, की खोलीत गुडघाभर ढीग लागतो. त्यावर मुद्दाम मोबाईल टाकायचा म्हटल्यावर अकरावीतली मुलं बिचकली. "फुटी जाई ना!" म्हणून उंची वीतभरच ठेवली, २० सेंटिमीटर.

मोबाईलमध्ये फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप होतं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. फोनमधला त्वरणमापक क्षणोक्षणी काय नोंदवतो, त्याचा आलेख ते काढतं. फोन हातात स्थिर असताना रेघ ९.८ वर असते. सोडला की ती शून्यावर कोसळते, कारण आधार संपतो. कापूस लागला की ती उसळते आणि पुन्हा ९.८ वर येऊन थांबते. या आकड्याला फोनच्या वस्तुमानानं, समजा ०.२ किलोग्रॅमनं, गुणलं की आधाराचं बल न्यूटनमध्ये मिळतं.

मग तोच फोन तेवढ्याच उंचीवरून घडी घातलेल्या गोधडीवर. शिखर कितीतरी उंच गेलं. "गोधडीनं जास्त थांबवलं," मुलं म्हणाली. बल-काल आलेखात नजर आधी शिखरावरच जाते. वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे नववीपासून पाठ असतं. पण उभ्या अक्षावर बल आलं की क्षेत्रफळाचा विसर पडतो. दोन्हीकडे फोन सेकंदाला सुमारे २ मीटर वेगानंच येतो, म्हणजे संवेग ०.४. थांबायला ०.१ सेकंद मिळाला तर वजनाहून जादा बल सरासरी ४ न्यूटन पुरतं; ०.०४ सेकंदात थांबायचं तर १० लागतं. गुणाकार, म्हणजेच आलेखाखालचं क्षेत्रफळ, तोच.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो ९.८ च्या पातळीखालचा खड्डा. फोन सुरुवातीला स्थिर, शेवटीही स्थिर. म्हणून या पातळीखाली जेवढं क्षेत्रफळ, तेवढंच तिच्या वर यायला हवं. थोडी उसळी आली, तरीही. चौकटी मोजायला लावल्या की मुलांना हे बोटांनी कळतं. सूत्र फळ्यावर लिहून कळत नाही. न्यूटननंही १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त दुसरा नियम मांडला तो ‘गती’तल्या, म्हणजे संवेगातल्या, बदलाबद्दल.

मग विचारलं, वेग सर्वांत जास्त कधी? "कापसाला टेकला तेव्हा," सगळे एका सुरात. पण टेकल्यावरही रेघ काही क्षण ९.८ च्या खालीच असते. कापसाचं बल तोवर वजनाहून कमी असतं आणि खड्डा भरायला लागलेलाच नसतो. म्हणजे कापसात शिरतानाही फोनचा वेग वाढतच असतो, रेघ ९.८ ओलांडेपर्यंत.