थव्यात चरणारे पाणपक्षी: १९७० नंतरच्या अभ्यासाचा मागोवा

१९७० च्या दशकाच्या आरंभी पाणपक्ष्यांच्या थव्यांकडे पाहताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने एकत्र राहण्याच्या लाभांवर होते. १९७३ मध्ये वॉर्ड आणि झहावी यांनी पक्ष्यांच्या वसाहती व रातथाऱ्याच्या जागा ही ‘माहितीकेंद्रे’ असतात, म्हणजे उपाशी राहिलेला पक्षी पोट भरून आलेल्याच्या मागोमाग उडून चांगले चराऊ ठिकाण गाठतो, अशी कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी जॉन क्रेब्ज यांनी कॅनडातील मोठ्या निळ्या बगळ्यांच्या प्रतिकृती मांडून वरून जाणारे बगळे चरणाऱ्या गटाकडे ओढले जातात हे दाखवले. शेजाऱ्याची मुद्राही वाचली जाते, हे इंग्लंडमधील ब्रेंट हंसांवरील १९७८ च्या प्रयोगाने स्पष्ट केले: माना खाली घातलेल्या प्रतिकृतींजवळ हंस उतरत, पण माना ताठ केलेल्या प्रतिकृती वाढल्या की तिथे उतरायचे टाळत, कारण ताठ मान हे सावधपणाचे लक्षण असते.

याच काळात जॉन गॉस-कस्टर्ड यांनी लाल पायांच्या टिलव्यावर केलेले काम दिसायला नीरस, पण अधिक टिकाऊ ठरले. हिवाळ्यात मुंबई-ठाण्याच्या खाडीतही उतरणारा हा पक्षी ब्रिटनच्या चिखलपट्ट्यांवर दिवसा कोरोफियम हा बिळात राहणारा, झिंग्यासारखा बारीक जीव नजरेने टिपतो. पावलांची चाहूल लागताच हा जीव बिळात खोल शिरत असल्यामुळे प्रत्येक शेजारी पुढच्याचे भक्ष्य पळवून लावतो आणि टिलवे आपसूक पांगतात. रात्री मात्र तोच पक्षी चोचीच्या स्पर्शाने अन्न शोधू लागला की दाटीने चरतो. थवा जमणे हा पक्ष्याचा स्वभाव मानण्याची सवय या निरीक्षणानंतर टिकणे कठीण होते, कारण अंतर ठरवत होती ती भक्ष्य शोधण्याची रीत.

शेजारी भक्ष्य नुसते पळवून लावत नाहीत, ते हिसकावूनही घेतात: १९८५ मध्ये बर्नार्ड आणि थॉम्पसन यांनी गांडुळे वेचणाऱ्या टिटव्या व सोनचिखल्यांमध्ये घुसून ती हिसकावणाऱ्या कुरवांचा हिशेब मांडला. मोठे गांडूळ गिळायला वेळ लागतो, म्हणून तेच लुटीला अधिक सापडते. इंग्लंडच्या एक्स खाडीत शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे काळसर शिंपले, फोडणाऱ्या कालवफोड्या पक्ष्यांमध्ये तर दाटी वाढली की दुबळ्यांचे खाणे घटत असे, वरचढांना मात्र फारशी झळ लागत नसे (एन्स व गॉस-कस्टर्ड, १९८४). ‘थव्यामुळे सरासरी लाभ किती’ हा प्रश्न, खरे तर, इथेच अपुरा ठरला.

पुढे प्रत्येक पक्षी स्वतंत्र धरून केलेल्या संगणकीय प्रारूपांत ही विषमता घातली गेली आणि शिंपल्यांच्या मासेमारीला किती मुभा द्यावी, या व्यवहारी प्रश्नापर्यंत अभ्यास पोहोचला: २००४ च्या मांडणीनुसार कालवफोडे हिवाळ्यात चांगल्या संख्येने तगायचे तर ते प्रत्यक्ष खातात त्याच्या २.५ ते ७.७ पट शिंपले त्यांच्यासाठी उपलब्ध असावे लागतात; याचे एक कारण म्हणजे उरलेल्या साठ्यातला काही भाग शेजाऱ्यांच्या दटावणीमुळे दुबळ्या पक्ष्याच्या चोचीपर्यंत येतच नाही.