मरुभूमीतील जलवाचक शब्द आणि लोकजीवन

भौगोलिक परिस्थितीचा लोकजीवनावर परिणाम होतो हे सर्वमान्य आहे. परंतु तो परिणाम नेमका कोणत्या मार्गाने घडतो, याची चिकित्सा क्वचितच होते. भाषेच्या अभ्यासकाला या प्रश्नाकडे शब्दांच्या वाटेने जाता येते. पश्चिम राजस्थानातील थर मरुभूमीत पाण्यासंबंधी जे शब्द रूढ आहेत, त्यांच्या आधारे या प्रश्नाचे थोडक्यात विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल पाहू. अरवलीची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेली असल्यामुळे अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे तिला जवळजवळ समांतर वाहतात व अडत नाहीत. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे येथवर पोचेपर्यंत आपले बहुतेक बाष्प गमावून बसलेले असतात. जैसलमेरच्या परिसरात वर्षाकाठी २० सेंटिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. भूजल खोल असते आणि पुष्कळ ठिकाणी खारटही असते. असे असूनही हा प्रदेश निर्जन नाही. २०११ च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरमागे १७, तर शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात ९२ माणसे आढळली. ही वस्ती कशाच्या आधाराने टिकली, याचे उत्तर येथील शब्दांत सापडते.

येथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट मिळणारे, भूपृष्ठावर वाहणारे वा साठणारे पाणी ते ‘पालर’. खोल विहिरीतील भूजल ते ‘पाताल’. आणि या दोहोंच्या मधले, वाळूत मुरलेले परंतु खालच्या खाऱ्या भूजलापर्यंत न पोचलेले पाणी ते ‘रेजाणी’. मराठीत ‘ओल’ आणि ‘पाझर’ हे शब्द आहेत. पण त्यांनी एका स्वतंत्र जलप्रकाराचा बोध होत नाही. ‘रेजाणी’ने तो होतो, याचे कारण भूस्तररचनेत आहे. मरुभूमीच्या काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा वा खडूसारख्या मातीचा अपार्य थर पसरलेला आहे. मुरलेले पाणी या थरावर अडते आणि ओलाव्याच्या रूपाने वाळूत टिकून राहते. म्हणूनच या भागात पाऊस मोजण्याचे ‘रेजा’ हे परिमाणही किती पाऊस पडला हे सांगत नाही. किती अंगुळे मुरला, हे सांगते.

हे पाणी मिळविण्याचे साधन म्हणजे ‘कुईं’. हे ‘कुआँ’ या शब्दाचे लघुत्ववाचक स्त्रीलिंगी रूप होय; आपल्याकडील ‘खळगा–खळगी’ या जोडीसारखे. मात्र येथे लघुत्व खोलीचे नसून तोंडाचे आहे. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून तोंड अरुंद ठेवतात. आजूबाजूच्या वाळूतील ओल हळूहळू पाझरते आणि दिवसभरात मोजकेच घडे भरतात. येथून भूगोलाचा परिणाम समाजव्यवस्थेत उतरतो. कुईं कुटुंबाच्या मालकीची असली तरी ती गावाच्या सामाईक जमिनीत असते. आणि प्रत्येक नवी कुईं त्याच ओलाव्यात वाटेकरी होत असल्यामुळे ती खणण्यास गावाची संमती लागते.

परंतु भूगोल सर्व काही ठरवितो, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. जेथे हा थर नाही, तेथे उपाय निराळा आणि शब्दही निराळा. जैसलमेरच्या खडकाळ उतारांच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून पाणी जिरवितात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पिकवितात, ते ‘खडीन’. ही पद्धती पंधराव्या शतकाच्या सुमारास पालीवाल ब्राह्मणांनी रूढ केली, असे मानले जाते. जेथे भूजल खारट आहे, तेथे पावसाचे पाणी साठविणारे ‘टांके’ दिसतात. तलावाला पाणी पुरविणारे व म्हणूनच स्वच्छ राखलेले क्षेत्र म्हणजे ‘आगोर’. भूगोल अडचण निर्माण करतो. तिचे निवारण समाज करतो.

दुष्काळाचे वर्गीकरणही बोलके आहे. मराठीत आपण ‘ओला’ व ‘कोरडा’ दुष्काळ म्हणतो. म्हणजे पावसावरून भेद करतो. मारवाडात अन्नकाळ, जलकाळ व तृणकाळ असा भेद उणिवेवरून केला जातो आणि तिन्ही एकत्र आले की ‘त्रिकाळ’ म्हणतात. चाऱ्याला धान्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले, कारण पीक बुडाले तरी जनावरांवर कुटुंब तगू शकते. विक्रम संवत १९५६ मधील (इ. स. १८९९-१९००) ‘छपनिया’ दुष्काळाची आठवण अद्याप पुसलेली नाही.

या शब्दसंपत्तीपुढे आज निराळाच प्रश्न उभा आहे. ३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली. १९८४ मध्ये त्यास इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. सतलज-बियासच्या संगमाजवळील हरिके येथून आलेल्या पाण्याने हजारो गावांची तहान भागविली, हे निर्विवाद आहे. तथापि जमिनीखाली उथळावर अपार्य थर असलेल्या काही भागांत सिंचनाचे पाणी खाली न जिरता वर चढले, शेते पाणथळ व क्षारयुक्त झाली. या आपत्तीला तेथे ‘सेम’ म्हणतात. थोड्या पावसाचे पाणी ज्या प्रकारच्या थराने राखले, त्याच प्रकारच्या थराने मुबलक पाणी कोंडून धरले. ‘रेजाणी’ या शब्दात त्या थराचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले होते.

सीताराम लाळस यांच्या ‘राजस्थानी सबद कोस’चा पहिला खंड १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या भाषेचे भांडार अभ्यासकांना खुले झाले. परंतु अशा शब्दांचा केवळ अर्थ नोंदविणे पुरेसे नाही. शब्द कोणत्या पट्ट्यात चालतो, त्या पट्ट्यात वाळूखाली काय आहे आणि त्या पाण्याच्या वाटपाचा नियम कोणता, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे. नळ आल्यावर कुईं बुजतात आणि त्या खणणारी माणसे वृद्ध होत आहेत. बोलीभाषांच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या कामाचा अग्रक्रमाने विचार करावा.